उंबऱ्यावरचं गणित

तेलगावातल्या आमच्या पत्र्याच्या घराला खिडकी नव्हती. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब लालसर व्हायचा आणि माझं डोकंच चालेनासं व्हायचं. तेच गणित कितीदा वाचलं तरी कळायचं नाही. आत्या म्हणायची, "पोरगी मठ्ठ हाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा चिडून वही उचलली आणि उंबऱ्यावर, उरल्यासुरल्या उजेडात जाऊन बसले. गणित चटकन सुटलं. मठ्ठ मी नव्हते, तो बल्ब होता!

तेवढ्यात आत्या ओरडली, "ऊठ! दिवेलागणीला उंबऱ्यावर बसू न्हाई, लक्ष्मी माघारी जाती."

मी वही मिटली. चुलीपुढं भाकरी थापणारी आई मान वर न करताच म्हणाली, "लक्ष्मी यील की बाजूनं. तू उठू नको."