सप्लायरकडचा सख्खा भाऊ

सप्लायरचा ड्रायव्हर आणि कंपनीचा इन्स्पेक्टर सख्खे भाऊ असतील, तर एकाने दुसऱ्याला चहा पाजायचा की नाही?

हा प्रश्न मी चार वर्षांपूर्वी भर हॉलमध्ये उभा राहून विचारला होता. सातपूरच्या ज्या कंपनीत माझा दादा आलेला माल तपासायचा, तिथे आम्हा माल आणणाऱ्यांना बोलावून एचआरच्या मॅडमनी पडद्यावर नियम दाखवले. कंपनीच्या माणसाने सप्लायरकडून वस्तू घ्यायची नाही, जेवण घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. चुकून काही आलंच तर ऑफिसात जमा करायचं. शेवटी मॅडमनी विचारलं, कुणाला काही शंका? मी हात वर केला. हॉल हसला. पहिल्या रांगेत बसलेल्या दादाने कपाळाला हात लावला. मॅडमनी मात्र प्रश्न वहीत लिहून घेतला आणि वर विचारून सांगते म्हणाल्या. पुढे मॅडम बदलल्या, त्यांच्या जागी आलेले साहेबही बदलले. वर कोण बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

दादा गेला त्याला दीड महिना झाला. छत्तिसावं वर्ष. शिफ्ट संपवून नळाखाली हात धूत होता, छातीत कसंतरी होतंय म्हणाला आणि खाली बसला. बस्स.

तेव्हापासून मी गेटसमोरच्या टपरीवर गेलो की कुणीतरी त्याचा एक किस्सा काढतंच. माणूस जिवंत असतो तोवर त्याच्या तक्रारी असतात, गेला की त्याच तक्रारींचे किस्से होतात. काही मला ऐकून माहीत आहेत, बरेचसे माझ्यामुळेच झालेत. सांगतो.

* * *

मी सातवीत शाळा सोडली. गाडी चालवता येते, बाकी सांगण्यासारखं काही येत नाही. शेठचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे तयार झालेला माल टेम्पोत घालून दादाच्या कंपनीत पोचवायचा, हे माझं काम. मी लागलो त्याच दिवशी दादाने कंपनीत फॉर्म भरून दिला की या सप्लायरचा ड्रायव्हर माझा भाऊ आहे, तेव्हा त्यांचा माल दुसऱ्याने तपासावा. साहेब म्हणाले, तुझ्यावर विश्वास आहे, तूच तपास. तिथेच माझं नशीब फुटलं.

पहिल्या दिवशी मी टेम्पो लावला आणि टपरीवरून दोन चहा घेऊन आत गेलो. केवढा आनंद! एका आईची दोन पोरं, एकाच कंपनीच्या आवारात, वरून ऊन, हातात चहा. दादा मापं घेत होता. त्याने ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू कुणाकडून आलायस?"

"आईकडून," मी म्हणालो.

गेटवरचे अन्वरभाई तिथेच उभे होते. ते वळून भिंतीकडे तोंड करून हसले. दादा हसला नाही. त्याने माझे दोन्ही चहा मलाच प्यायला लावले आणि मी पीत असताना माझी अर्धी गाडी रिजेक्ट केली.

रात्री जेवताना त्याच माणसाने स्वतःच्या ताटातली भाकरी न विचारता माझ्या ताटात टाकली.

* * *

एका फेब्रुवारीत गेटवर द्राक्षांचा क्रेट आला. वर चिठ्ठी: इन्स्पेक्टर साहेबांना प्रेमाची भेट. नाव नाही. अन्वरभाईंची त्या दिवशी सुट्टी होती आणि नव्या गार्डला आणून देणारा माणूस ओळखू आला नाही.

दादाने क्रेटला हातसुद्धा लावला नाही. ऑफिसात कळवलं. नाशवंत वस्तू आली तर कँटीनमध्ये सगळ्यांना वाटायची, असा नियम होता. वाटली. दुपारच्या जेवणात प्रत्येकाच्या ताटात द्राक्षं. दादाने कँटीनमध्ये उभं राहून दोन शब्दही सांगितले, की सप्लायरच्या अशा प्रेमापासून सावध राहा.

संध्याकाळी घरी आला तर वहिनी फोनवर. दिंडोरीकडून तिचे वडील बोलत होते, त्यांना आम्ही मामा म्हणतो. बागेतला पहिला माल काढला होता, मुंबईला जाणाऱ्या गाडीतून जावयाकडे पाठवला होता, साहेब म्हणून चिठ्ठीत जरा थट्टा केली होती. गोड निघाली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

दादाने फोन घेतला आणि जे झालं ते खरं खरं सांगितलं. खोटं त्याला येत नव्हतं, ही घरात मोठी अडचण होती. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, पोरगी दिली तवा नाय कळवलं ऑफिसात?"

पुढचे दोन हंगाम आमच्याकडे द्राक्षं आली नाहीत.

* * *

शेठ माणूस वाईट नाही. पण दिवाळीला डबा परत येतो हे त्यांना सहन होईना. इतर कंपन्यांत डबा परत आला तर शेठ काळजीत पडायचे की काम गेलं. दादाकडून परत यायचा आणि कामही चालू राहायचं. हे गणित त्यांना झोपू देत नव्हतं.

एका दिवाळीला त्यांनी युक्ती केली. काजू कतलीचा दोन किलोचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हा तुझा बोनस, घरी ने, सगळ्यांनी खा. शेवटच्या दोन शब्दांवर जोर होता.

दादाने डबा बघितला. मी सांगितलं, माझा बोनस आहे. तो म्हणाला, बोनस तुझा आहे ना, मग तूच खा. वहिनीने हात मागे घेतला. छोटी पुतणी तनू रडली, तर दादा उठून बाजारातून तिच्यासाठी वेगळी काजू कतली घेऊन आला. एका घरात दोन डबे, एकाच दुकानाचे!

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर बसून खायला लागलो. अडीच दिवसांत डबा संपवला. तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगत नाही. दादाने सुट्टी टाकली, दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिला, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत होता.

"म्हणून मी घेत नाही," तो म्हणाला. "पचत नाही."

* * *

वर्षातून एकदा दादा शेठच्या वर्कशॉपची पाहणी करायला यायचा. त्या दिवशी शेठ मशीन पुसायला लावायचे आणि मटण सांगायचे. दादा येताना डबा आणायचा. डबाच नाही, पाण्याची बाटलीही.

एकदा शेठ अगदी काकुळतीला आले. खाऊ नका, पण निदान वास तरी घ्या, असं म्हणाले. दादाने पंखा कुठल्या बाजूने आहे ते पाहिलं आणि खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. तिथे मेथीची भाजी खात बसला. वर्कशॉपमधले कामगारही आपापले डबे घेऊन त्याच्याभोवती बसले. त्यांना एरवी कुणी साहेब असा शेजारी बसलेला मिळत नसे. शेवटी एकटे शेठ मटणाच्या पातेल्यासमोर उरले. त्यांनाही बरं दिसेना. कुणाच्या तरी डब्यातली चटणी घेऊन तेही खाली बसले.

मटण? मी होतो ना.

* * *

अन्वरभाई ईदला किटलीभर शीरखुर्मा घेऊन गेटवर येतात. ते कंपनीचेच, दादाही कंपनीचा, त्यामुळे त्यात अडचण नव्हती. दादा तीन वाट्या प्यायचा आणि चौथीला नाही म्हणायला वेळ लावायचा. मी माल घेऊन आलो होतो. अन्वरभाईंनी माझ्यापुढे वाटी धरली तसा दादा विचारात पडला. कंपनीच्या माणसाने सप्लायरच्या माणसाला पाजलेलं चालतं का, हे पाहावं लागेल म्हणाला.

अन्वरभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, आज नियम पण नमाजला गेलाय. येईपर्यंत पिऊ द्या पोराला."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं कंपनीच्या आवारात एकत्र काहीतरी प्यायलो. पण ते माझ्या हातचं नव्हतं.

* * *

मला हेच लागायचं. आमचे वडील लवकर गेले. मला शर्ट, पुस्तकं, पहिली चप्पल, गाडीचं लायसन, सगळं दादाने केलं. मला एकदा तरी त्याला काही द्यायचं होतं. मोठं नाही. एका रविवारी मिसळ खायला गेलो तेव्हा मी बिल द्यायला उठलो, तर त्याने माझा हात धरला. मी म्हणालो, अरे आज कंपनी बंद आहे.

"कंपनी बंद आहे. मी चालू आहे," तो म्हणाला.

मी चिडलो. शेठची नोकरीच सोडतो म्हणालो, मग तरी घेशील ना माझ्या हातचं? त्यावर तो हसला. त्याला वाटायचं, शेठ मला धरून आहेत तेच खूप, सातवी शिकलेल्याला दुसरीकडे कोण उभं करणार. मिसळीसाठी नोकरी सोडू नकोस, वेड्या, म्हणाला. आणि माझ्या वाटीत स्वतःची शेव ओतली.

मी पटकन सगळं करतो, पण एवढं एक करायला चार वर्षं घालवली.

* * *

आता दहाव्याचं. कावळा शिवला, हे आधीच सांगून टाकतो. वेळ का लागला ते सांगतो.

तनू लहान, म्हणून क्रिया मी केली. गोदाघाटावर कंपनीतले झाडून सगळे आले होते. दिंडोरीचे मामा होते, पांढऱ्या कपड्यांत शेठ होते. गुरुजींनी सांगितलं तसा मी पिंड ठेवला आणि मागे झालो. भिंतीवर सात-आठ कावळे. एकही हलेना.

अर्धा तास गेला. मग लोक एकेक करून पुढे जाऊन हात जोडायला लागले. वहिनी म्हणाली, तनूला शिकवीन. कावळे जागचे हलले नाहीत. मामा म्हणाले, पोरीला अन् नातीला उघडं पडू देणार नाय. कंपनीचे साहेब म्हणाले, सगळे कागद मी स्वतः पुरे करून देईन. एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून जवळ आला. तेवढ्यात शेठ पुढे झाले आणि म्हणाले, तुमच्या घराचं सगळं मी बघतो. कावळा उडून परत भिंतीवर.

गुरुजी ऊन बघत होते. म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू आणि शिववू, त्यालाही शास्त्र आहे. मी नाही म्हणालो. दर्भाचा कावळा काय, मी धरीन तिथे चोच लावणार. ते घेणं नव्हे.

अन्वरभाई लांब पायरीवर उभे होते. ते हळूच माझ्याजवळ आले आणि कानाशी विचारलं, "बारक्या, हे तांदूळ कुठले?"

"शेठनी दिले. सकाळी टेम्पोत पोतंच ठेवलं त्यांनी."

अन्वरभाई माझ्याकडे बघत राहिले. शेजारच्या साहेबांनी ऐकलं, त्यांच्या शेजारच्याने ऐकलं, आणि तिथे सुतकाच्या घाटावर कंपनीतली पंधरा-वीस माणसं तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. वहिनीसुद्धा. हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. शेठ बिचारे सगळ्यांकडे बघत होते.

मी त्यांच्याकडे गेलो. पिशवीतून टेम्पोची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

"शेठ, राग मानू नका. आत्तापासून मी तुमच्याकडे नाही."

ते म्हणाले, अरे, आज कशाला, नंतर बोलू. मी म्हणालो, आजच.

मग तसाच, मुंडण केलेला, ओल्या पंच्यात, पायऱ्या चढून वरच्या दुकानात गेलो आणि पावशेर तांदूळ घेतले. गुरुजींना म्हटलं, पुन्हा शिजवा. त्यांनी चूल फुंकली. शेठच्या तांदळाचा पिंड मी उचलून बाजूला केला. नवा भात हाताला चटके देत होता, तसाच वळला, आणि पानावर ठेवला.