हातावरचं दही

डिलाईल रोडच्या त्या चाळीत कुणाचंही पोट बिघडलं, की पाय वळायचे लक्ष्मीकाकीच्या दाराकडे. सासूने कणकवलीहून आणलेलं विरजण तिने एकतीस वर्षं एक दिवस न चुकवता चालू ठेवलं होतं. पोटात चांगले जंतू असतात, दह्याने ते वाढतात, हे टीव्हीवाले आता सांगतात. काकी ते वाटीवाटीने फुकट वाटत आली होती. घमेंडही होती हो तिला त्याची!

मग तिच्या नवऱ्याला, दौलतला, बायकोला आयुष्यात कधी नको न म्हटलेल्या त्या गरीब माणसाला, रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घरचं दही बंद. त्यातले जंतू तुम्हाआम्हाला चांगले, पण यांच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात. यांना तेही झेपायचे नाहीत."

काकीचं तोंड एवढंसं झालं. पण तिने ऐकलं. ताटातलं दही गेलं, ताकही गेलं. फक्त हॉस्पिटलला निघताना त्याच्या हातावर चमचाभर दही ठेवणं तेवढं राहिलं. ते काय खाणं असतं? तो शकुन!

तिसऱ्या केमोला दौलत तो शकुन चाटून निघाला आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणला. जंतू रक्तात गेले होते. आठवड्यात माणूस गेला. जंतू आले कुठून ते सांगता येत नाही, स्वतःच्या आतड्यातूनही येतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकीने हातावरच्या दह्याचं अक्षर काढलं नाही. तेराव्यानंतर तिने विरजण मोरीत ओतलं. शेजारची मनवा वाटी घेऊन आली, तर काकी म्हणाली, "नासलं गो."

तीन महिन्यांनी लेक अक्षदा नव्या नोकरीला निघाली. उंबऱ्यात थांबून तिने सवयीने हात पुढे केला. "आई, दही?"

काकी मटकन खाली बसली. "मी मारलं गो तुझ्या बाबांना. ह्याच हातांनी."

अक्षदा तिला टेकून बसली. "दह्याचं मला माहितीये. त्या दिवशी टॅक्सीत त्यांच्या मिशीला दही दिसलं, तेव्हा मी ओरडले. तर म्हणाले, 'चालत नाही ते ठाऊक आहे गं. पण नको म्हटलं असतं तर दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर राहिला नसता.' मग मीपण गप्प बसले."

काकीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला, "अहो, नको म्हणायचंत ना! एकदा तरी नको म्हणायचंत!"