जास्त निघालं

आमच्या गावात कुणाच्या तपासणीत काही 'जास्त' निघाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. धानोऱ्याकडच्या आमच्या भागात सगळं कमीच निघतं. रक्त कमी, वजन कमी, उंची कमी. मी अंगणवाडीसेविका, त्यामुळे हे 'कमी' वर्षानुवर्षं माझ्याच हातानं लिहिलेलं. म्हणून बाहेरच्या डॉक्टरांनी शाळेत शिबिर घेतलं आणि माझ्या नववीतल्या लेकीच्या कागदावर कोलेस्ट्रॉलपुढे 'जास्त' आलं, तेव्हा मला चक्क गहिवरून आलं. बोअरिंगवर पाणी भरताना मी बायांना सांगितलं, "आमच्या पोरीचं जास्त निंगालं! खाऊ घातलं का दिसतेच."

"तुमचं बरं हाय बाई," शेजारीण म्हणाली. "आमचीचं कमीच निंगते."

लेक बाजूलाच पाण्याचा गुंड घेऊन उभी होती. जास्त म्हणजे वाईट, हे तिला शाळेत सांगितलं होतं. पण बोलत्या आईला अडवायची सोय आमच्या घरात नाही.

दोन दिवसांनी नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं की ही रक्तातली चरबी आहे, बक्षीस नाही. माझा अभिमान उतरला आणि राग चढला. तेलाचा डबा वरच्या फळीवर गेला. लेकीची अंडी बंद, तळलेली मासळी बंद, तिच्या वाट्याला आंबील आणि उकडलेली भाजी. तिचा बाप बांबूसारखा सडसडीत, तीनदा भात चेपून खातो, त्याला मात्र मासळी चालू. मी स्वतः चव बघायला म्हणून तव्यावरचे दोन तुकडे तोंडात टाकायची. ते खाण्यात धरायचे नसतात, असा माझा समज होता.

तरी पोरगी उतरेना. दंडावर, कमरेवर तीच भर, अगदी माझ्यासारखी. आमच्या घरची माणसं हाडापेरानं मोठी, असं मी स्वतःबद्दल सांगत असे. लेकीला मात्र ती सवलत नव्हती.

"दुकानातून काय खाऊन राह्यली तू?"

"काईच नाई, आई."

"मंग हे काय हवेनं वाढून राह्यलं?"

रोज हेच. एक दिवस मी तिच्यासमोरच तिचं दप्तर उलटं केलं. चिप्सची पाकिटं निघतील या खात्रीनं मी शेजारणीलाही बोलावून ठेवलं होतं. निघाला तिचा जेवणाचा डबा, भरलेला, आंबलेला. पोरगी शाळेत काहीच खात नव्हती. तेव्हा तरी मी गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "डबा नाई खाल्ला म्हंजे दुकानातलंच खाल्लं असंन." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. ती रडली नाही. खाली बसून एकेक वही परत भरत राहिली.

शेवटी तिला घेऊन गडचिरोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझी तक्रार त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही काट्यावर उभ्या राहा." गावातलं एकेक पोर मी काट्यावर चढवलेलं, स्वतः कधीच चढले नव्हते. चपला काढल्या, पर्स ठेवली, बांगड्यांना हात घातला तशा त्या म्हणाल्या, "राहू द्या, त्यानं काही फरक पडत नाही." मग माझंही रक्त घेतलं. पुढच्या खेपेला कागद आला. माझं लेकीपेक्षा जास्त.

"सिकलसेलचा आजार मुलं दुकानातून आणतात का?" त्यांनी विचारलं. "आईबापाकडूनच येते ना? हेही पुष्कळसं तसंच. रक्तात चरबी किती आणि अंगावर ती कुठे बसणार, त्यातलं बरंच तुमच्याकडून आलंय. खाणं सांभाळा, चालाफिरायला लावा, पण पोरीला उपाशी मारू नका. आणि गोळ्या आधी तुम्हाला."

सिकल आईबापाकडून येते, हे घरोघर सांगत फिरणारी बाई मीच. आडातलंच पोहऱ्यात आलं होतं आणि मी पोहऱ्याला बडवत होते. माझी आई ऐन चाळिशीत धानाच्या बांधीत रोवणी करताना छाती धरून बसली, ती उठलीच नाही. आम्ही म्हटलं, नजर लागली. ते आठवलं आणि डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत मला लेकीसाठी फार भीती वाटली.

बसस्टँडवर मी तिला केळी घेऊन दिली. तिनं केळं सोललं आणि तसंच हातात धरून बसली. गोळ्यांचं, आजाराचं काहीही न विचारता म्हणाली, "आई, मंग मी खोटी नव्हती ना?"

"नाई वो माय," मी म्हटलं. "तू खरीच होती. मीच चुकली."

मग ती खाऊ लागली. इतक्या घाईघाईनं, की मला तिच्याकडे बघवेना.