तुमचं वेगळं काढलंय

माझ्या मुलीने पोह्यांच्या पातेल्यातला डाव उचलला. माझ्या मैत्रिणीच्या, मेधाच्या सासूबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तू हात नको लावूस गं. तुमच्या दोघींचं वेगळं काढलंय."

ओट्याच्या कोपऱ्यात दोन कागदी डिशा. झाकलेल्या. मेधाच्या घरचे टेबलाभोवती बसून पातेल्यातून वाढून घेत होते. पॅरिसमधलं भाड्याचं घर, आमची पहिली सकाळ. सासूबाईंनी डाव नळाखाली धरला. घासला. परत घासला.

मी मेधाकडे पाहिलं. ती फोनमध्ये हवामान बघत होती.

माझी मुलगी नऊ वर्षांची. तोक्योत जन्मलेली. तिने हळूच जपानीत विचारलं, "नांदे?" का?

का, ते मला कळलं होतं. आणि ते कारण मी फक्त मेधाला सांगितलं होतं.

तोक्योच्या एदोगावा भागात आम्ही दोघी शेजारशेजारच्या इमारतींत राहतो. नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे आलो, मग आपापल्या नोकऱ्या धरल्या. माझ्या आडनावावरून जात कळत नाही. मीही कुणाला सांगितली नव्हती. माझे बाबा गेले तेव्हा मला पुण्याला पोचता आलं नाही. मेधा रोज सायकलवरून डबा घेऊन यायची. एका दुपारी रडता रडता तिला सगळं सांगून बसले. आम्ही बौद्ध. बाबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे, ते तिथूनच शिकले. तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, "वेडी आहेस का? इथे जपानमध्ये कोण विचारतंय?"

मी तिच्यावर विश्वास ठेवला.

पॅरिसचं तिनेच काढलं. ऑफिसात मी फ्रेंच ग्राहकांचे फोन घेते. "तू असलीस की आम्हाला टेन्शन नाही," म्हणाली. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही, तरी मी निघाले. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट असलेली स्टेशनं मी शोधून ठेवली होती.

बाल्कनीत मी मेधाला गाठलं. "तू सांगितलंस?"

"अगं, आईंचं सोवळंओवळं असतं. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. तू समजूतदार आहेस."

मग लगेच, "म्युझियमची तिकिटं तुझ्याच फोनवर आहेत ना?"

माझी जीभ त्यांना चालत होती. हात चालत नव्हता.

तिथेच उभ्याउभ्या तिकिटं तिला पाठवली. तरी सगळ्यांबरोबर निघाले. खाली मेट्रोच्या दारात सासूबाईंचा पास लागेना. खिडकीतली बाई फ्रेंचमध्ये काहीतरी सांगत होती. मला सगळं समजत होतं.

"विचार ना तिला," मेधा म्हणाली.

"नाही विचारणार."

"आईंसमोर तमाशा करतेस?"

"तमाशा सकाळी झाला. मी आता जाते."

मुलीचा हात धरून उलट दिशेची गाडी पकडली. शहराच्या उत्तरेला उतरलो. भाजलेली कणसं विकणाऱ्या आफ्रिकन बायका, तमिळ पाट्यांची दुकानं, अरबी बोलणारे म्हातारे. शहर सुंदर होतं. स्टेशनच्या पायऱ्यांवर पोलिसांनी एका काळ्या माणसाला थांबवून कागद मागितले. आमच्यासकट बाकी कुणाला नाही. म्हणजे इथेही आहेच. नुसतं विमानात बसून यातून सुटता येत नाही, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं.

बाकावर बसून मुलीला सगळं सांगितलं. आपण कोण. आजोबा कुठे बसून शिकले. तिने शांतपणे ऐकलं. मग मराठीत विचारलं, "मेधामावशीला हे माहीत होतं?"

"हो."

तेव्हा ती रडली. सकाळी रडली नव्हती.

त्याच दिवशी आम्ही सामान उचलून हॉटेलात गेलो. उरलेलं पॅरिस दोघींनी पाहिलं.

परत आल्यावर महिन्याने मेधाचा मेसेज आला. तोक्योतल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे, पॅरिसबद्दल दहा मिनिटं बोलशील का? झालं गेलं विसर. खाली हसरा चेहरा.

मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. मी बौद्ध आहे. माझे वडील शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले. पॅरिसमध्ये आपल्याच माणसांनी माझ्या मुलीच्या हातातून डाव काढून घेतला. कार्यक्रमाला मी येणार आहे, आणि हेच बोलणार आहे.

दोघं ग्रुप सोडून गेले. मेधाने फोन केला. मी उचलला नाही.

यापुढे मी माझी ओळख कुणाच्या कानात सांगणार नाही. आधी सांगेन, मोठ्याने सांगेन, आणि मग पंगतीत बसेन. ज्याला उठायचंय त्याने उठावं. मी उठणार नाही.