उलटबाई आणि अर्धा लाल ठोकळा

माझ्या पुतणीची चार वर्षं मी कोपराच्या एका धक्क्यात जमीनदोस्त केली. मुद्दाम नव्हे. मला फक्त रुमाल काढायचा होता. पण खिसा उजवीकडे, खुर्ची अरुंद, आणि कोपराला काही डोळे नसतात. माझं कोपर टेबलावरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यात शिरलं आणि रसायनशास्त्र, भूमिती, दोन भाषा आणि अख्खा जगाचा इतिहास खडखडत फरशीवर आला.

पुतणी म्हणाली, "काका." एवढंच. पण त्या एका शब्दात बरंच काही होतं.

टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, आधी ढिगाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही वडील का हिचे?"

"नाही, काका."

"तरीच," त्या म्हणाल्या.

ही माझी आणि उलटबाईंची पहिली भेट. त्यांच्या दारावर 'अभ्यासक्रम सल्लागार' अशी पाटी होती, पण ती फक्त नव्या पालकांसाठी. शाळेतली मुलं, मास्तर, घंटा वाजवणारा, सगळे त्यांना उलटबाईच म्हणत, कारण बाई सगळ्याची सुरुवात शेवटाकडून करत. शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत कुठले विषय घ्यायचे हे ठरवायला मूल समोर बसलं, की तुम्ही-आम्ही विचारू, तुला काय आवडतं बाळ? बाई विचारत, "शेवटी कुठे पोचायचंय?" विमान चालवायचंय असं उत्तर आलं, की त्या कॉलेजला काय लागतं ते आधी, मग शाळेच्या शेवटच्या वर्षी काय हवं ते, मग त्याच्या आधीच्या वर्षी काय, असं एकेक पायरी उतरत त्या येत्या सोमवारपर्यंत येत. ही सवय अंगात इतकी मुरली होती की डब्यातलं गोड त्या आधी खात, कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचत, आणि चपला घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न टाकत, "तुटल्यावर शिवता येतील ना?"

ठोकळे बाईंच्या नवऱ्याने केलेले. त्यांचं खुर्च्या-टेबलांचं छोटंसं वर्कशॉप आहे. खुर्च्यांच्या पायांचे उरलेले तुकडे घासून, रंगवून त्यांनी बायकोला दिले आणि बाईंनी त्यातून अख्खं शास्त्र उभं केलं. निळा म्हणजे गणित, हिरवा विज्ञान, पिवळा भाषा, नारिंगी चित्रकला, लाल शारीरिक शिक्षण. वर्षभराच्या विषयाला अख्खा ठोकळा, सहामाहीच्या विषयाला अर्धा. एका वर्षाचा एक मजला, चार वर्षांचे चार. बीजगणिताचा आधार न घेता भौतिकशास्त्र वर चढवायला गेलात, तर बाई एक टिचकी मारत आणि ते भौतिकशास्त्र तुमच्या मांडीत येऊन पडे. शिवाय शाळा पूर्ण झाल्याचा दाखला हवा असेल, तर काही रंग इमारतीत असावेच लागत, मग पुढे तुम्ही विमान चालवा नाहीतर शिट्टी वाजवा.

आमच्या पुतणीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. शेजारच्या मांजरीच्या मोडक्या पायाला माझा लग्नातला टाय बांधला तेव्हापासून आम्हाला याची कल्पना होती. घरात तिला आम्ही घुबड म्हणतो. रात्री वाचायला बसली की डोळे टक्क उघडे, आणि सकाळी तिला उठवायचं म्हणजे कपाट सरकवायचं. अभ्यासात तल्लख, पण मैदानाशी उभं वैर. चेंडू अंगावर आला तर ही सभ्यपणे बाजूला होऊन त्याला वाट करून देई. तिचे वडील, म्हणजे माझा दादा, जहाजावर. वहिनी हॉस्पिटलात नर्स, ड्यूटी कधीही बदलणारी. माझं चष्म्याचं दुकान, शटर ओढलं की मी मोकळा. म्हणून पालक या नात्याने मला पाठवलेलं.

तर मी टेबलाखाली रांगत ठोकळे गोळा केले. पुतणीने इमारत पुन्हा रचली.

"आले का सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे," मी गुडघे झाडत छातीठोक सांगितलं.

चारही मजले भरलेले, फट कुठेही नाही. बाईंनी इमारतीवरून कार्ड भरलं, शिक्का मारला, आणि आम्ही निघालो.

पुढे बाईंची माझी ओळख वाढली ती बसमुळे. संध्याकाळी मी दुकान बंद करतो तेव्हा त्याही त्याच थांब्यावर असत. एकदा आम्ही बसमध्ये चढलो तर ड्रायव्हर पोरगी म्हणाली, "आई, पास."

"रोज बघतेस की," बाई पर्स उपसत म्हणाल्या.

"रोज दाखवायचा असतो."

बाईंनी पास दाखवला, आम्ही मागे जाऊन बसलो. मी जरा चाचरतच म्हणालो, "तुमची मुलगी?"

"हो. आर्किटेक्ट होणार होती. तिची इमारत मी स्वतः रचली होती. सगळ्यात देखणी. एक ठोकळा इकडचा तिकडे नाही."

"मग?"

"मग काय. पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून आली. शेवट मी ठरवला होता ना, तिला विचारलंच नव्हतं. इमारत चांगली होती हो, पण राहायला कोणी नव्हतं."

बस वळणावर इतकी अलगद वळली की दांडी धरायचीही गरज पडली नाही. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चालवते मात्र छान." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या त्या घुबडाला मी विचारलंय बरं का. तीनदा विचारलंय. तिन्ही वेळा जनावरंच म्हणाली."

शेवटच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बाईंकडे 'पाडणी' असते. कार्डावरून इमारत पुन्हा रचायची आणि मुलाने ती आपल्या हाताने वरून खाली उतरवायची. एकेक ठोकळा खोक्यात टाकायचा आणि बाई त्यावर खूण करणार. मी सोबत गेलो होतो, हात मांडीवर घट्ट ठेवून बसलो होतो. चौथा मजला उतरला, तिसरा उतरला, दुसरा उतरला. तळमजल्यावर पुतणीचा हात नारिंगी ठोकळ्याकडे गेला आणि बाई म्हणाल्या, "थांब."

त्यांनी तो ठोकळा उचलला.

"चित्रकला अख्खी कशी? अर्धी चित्रकला आणि शेजारी अर्धा लाल, असं ठरलं होतं आपलं."

पुतणी छताकडे बघू लागली.

बाईंनी खोकं उपडं केलं. निळे, हिरवे, पिवळे. लाल एकही नाही. त्या उठल्या, फूटपट्टी घेतली आणि गुडघ्यावर बसून कपाटाखालून फिरवली. आधी धूळ आली, मग पेनाचं टोपण, आणि मग अर्धा लाल ठोकळा.

"काकांनी पाडलं ना, तेव्हा तो तिकडे गेला," पुतणी हळूच म्हणाली. "मला दिसला होता. मग अर्ध्या नारिंगीच्या जागी खोक्यातला अख्खा ठेवला, तो तिथे अगदी बरोब्बर बसत होता."

"आणि तू गप्प बसलीस."

"कोणी विचारलं असतं तर सांगणार होते."

"तीन वर्षांत कोणी विचारलं नाही?"

"नाही."

बाई खुर्चीत बसल्या. "मीही नाही विचारलं. दर वर्षी वरचे मजले तपासत राहिले, तळमजला पक्का धरून चालले. ते माझं चुकलं." मग मान माझ्याकडे वळली. "आणि पाडलं यांनी." मला उगाच वाटलं होतं की यातून मी सुटलो.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लाल अर्ध्याशिवाय शाळेचा दाखला नाही आणि दाखल्याशिवाय जनावरांच्या कॉलेजात पाऊल नाही, मग गुण कितीही असोत. शेवटच्या वर्षाचे सगळे तास कॉलेजला लागणाऱ्या विषयांनी खच्चून भरलेले. एक काढला तर तिथलं दार बंद, लाल नसला तर इथलं. मी वहिनीला फोन केला. ती वॉर्डमध्ये होती. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "भावोजी, तुम्हाला फक्त सोबत जायला सांगितलं होतं."

फोन ठेवून आत आलो तर पुतणीच्या डोळ्यांत पाणी. ती रडत नव्हती, पण नाक लाल झालं होतं. तीन वर्षं दडवलेली गंमत आता अंगावर आली होती.

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या. "शून्यावा तास."

पहिल्या तासाच्या आधी, घंटाही झोपेत असताना मैदानावर भरणारा तास. बुडालेला विषय भरून काढणाऱ्यांसाठी.

"त्या वेळी मी नसतेच," पुतणी म्हणाली.

"कुठे नसतेस?"

"म्हणजे असते, पण जिवंत नसते."

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "अडचण वेगळीच आहे. आठ जण असल्याशिवाय हा वर्ग भरत नाही. हिला धरून सात होतात." त्या थांबल्या. मीही सहानुभूतीने मान हलवली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "या तासाला बाहेरच्या मोठ्या माणसांनाही बसता येतं."

"छान सोय आहे," मी म्हणालो. आणि मग माझ्या लक्षात आलं.

पुढची सहामाही मी दादाच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये काढली. दादा माझ्याहून बराच रुंद. पहिल्या दिवशी नाडी एका हाताने धरून मी मैदानाला चक्कर मारली आणि दुसऱ्या हाताने पळण्याचा अभिनय केला. कवायतीचे मास्तर वयाने मला भाचा शोभतील असे, पण सगळ्या पोरांनी काका म्हटल्यावर तेही काका म्हणू लागले. "काका, गुडघे वर." "काका, श्वास घ्या, सोडायला विसरू नका." पुतणी माझ्या शेजारी डोळे मिटून धावायची. कुंपणाला आदळू नये म्हणून मी तिला बाहीला धरून वळवायचो.

सुरुवातीला रोज पहाटे तिला उठवणं हे माझं काम. पांघरूण ओढायचं, गार पाण्याचा हात गालाला लावायचा, वर्ग बंद पडला तर काय होईल ते ऐकवायचं. थंडी वाढली तसं माझंच अवसान गळालं. एका सकाळी मी अंथरुणातूनच हाक दिली, "आज माझी पाठ जरा..."

दारात ती उभी. केस पिंजारलेले, एक मोजा पायात, एक हातात.

"काका, तुम्ही नसलात तर सातच. वर्ग बंद. उठा."

"एका दिवसाने काय होतंय?"

"तळमजल्यावर असंच झालं होतं," ती म्हणाली आणि दुसरा मोजा माझ्या अंगावर फेकला. मी उठलो.

त्या दिवसापासून उठवण्याचं खातं तिच्याकडे गेलं. मी दोरीवरच्या उड्या मारायचो तेव्हा ती मोठ्याने मोजायची आणि दोरी पायात अडकली की पुन्हा एकपासून. मी म्हटलं, अगं, मला कुठे दाखला हवाय. म्हणाली, मग काय झालं. मध्यंतरी एकदा मास्तरांनी तिच्याकडे चेंडू टाकला आणि तिने तो चक्क धरला. क्षणभर आजारी पिल्लू हातात आल्यासारखी बघत राहिली, मग हळूच माझ्याकडे दिला. मास्तरांनी शिट्टी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

सहामाही निम्मी झाली असेल. एका मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि तो गावच सोडून गेला. आम्ही सात उरलो. मी तसाच धापा टाकत, घामेजलेला, बाईंच्या खोलीत शिरलो.

"बाई, आता सातच. काय करायचं?"

बाई डब्यातलं गोड खात होत्या. "चालू द्या," म्हणाल्या. केवढं मोठं मन, मला वाटलं. नियम वाकवला बाईंनी आमच्यासाठी.

सहामाही संपली. मास्तरांनी पुतणीच्या कागदावर सही केली आणि शेरा लिहिला, 'चेंडूला आता घाबरत नाही.' मला शेरा मिळाला नाही. बाईंनी पुसून लख्ख केलेला लाल ठोकळा तिच्या हातात दिला. तिने चार मजले रचून झाल्यावर तो सगळ्यात वर, एकटाच, शिखरावर बसवला. वर्ष संपताना दाखला आला. मागोमाग कॉलेजचं पत्रही आलं. वहिनीने ते दोनदा वाचलं, मग मला म्हणाली, "भावोजी, पोट कमी झालं की तुमचं." आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

मी पेढ्यांऐवजी दुकानातली नवी फ्रेम घेऊन बाईंकडे गेलो. कपाळावर सरकवून सरकवून त्यांच्या चष्म्याच्या दांड्या फाकल्या होत्या. खोलीत नव्या वर्षाचे ठोकळे मांडणं चालू होतं. मी टेबलापासून सुरक्षित अंतरावर उभा राहिलो आणि बरेच दिवस मनात घोळणारं विचारून टाकलं.

"बाई, तो मुलगा गेल्यावरही वर्ग चालूच राहिला. मग आठ जणांचा नियम खरंच आहे का हो?"

बाईंनी फ्रेम नाकावर चढवली आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"नाही. ती एकटी उठली नसती."