जेठासरांच्या चपला

आमच्या कॉलेजात प्रमुख पाहुण्यांच्या हातची जास्वंद शेंड्यासकट दुसरा दिवस पाहत नसे. पाहुणे रोप लावत, फोटो निघत, गाडी फाटकाबाहेर पडे आणि वनस्पतिशास्त्राचे जेठासर नखाने शेंडा खुडून खिशात टाकत. संस्थेच्या अध्यक्षांनी एकदा ते पाहिलं.

"अहो, साहेबांनी लावलंय ते!"

"साहेबांनी नुस्तं लावलंय," सर म्हणाले. "वाढवायचं आमाला हाय की."

सर मुरगूडकडचे. घरी ऊस, त्यामुळे वर्गातही ऊसच उगवे. उसाचा पहिला कोंब म्हणजे जेठा; सरांचं नावही पोरांनी त्यावरूनच पाडलेलं. तो जोमात आला की आमच्याकडे मोडतात. मग बुडाशी निजलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, जागे होतात, फुटवे येतात. हे का होतं, ते सर सांगत. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, पेशीपेशीतून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. "थोरला समोर असला की धाकटी तोंड उघडत्यात व्हय? तसंच हाय." मग ठरलेलं वाक्य: "पत्र्यावरनं पाणी ओघळावं तसं ओघळतंय ते!" मी मराठी शिकवतो. मला उपमा आवडायची.

सरांच्या हाताखालच्या मुल्ला मॅडमना ती आवडत नसे. एकदा सर नसताना त्या स्टाफरूममध्ये हळूच म्हणाल्या, "ओघळत नाही हो ते. पेशीच्या बुडाकडे ते बाहेर सोडणारी दारं असतात. पेशी स्वतः ढकलते त्याला."

"मग सांगा की सरांना."

"काय बोलताय! मला शिकवलंय त्यांनी."

मॅडम विलक्षण हुशार. पण व्हरांड्यात सरांच्या चपला करकरल्या की त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबे. विद्यार्थ्याने काही विचारलं तर त्या आधी सरांकडे पाहत. सर हे बघत होते.

निवृत्तीच्या समारंभात अध्यक्षांनी शालीबरोबर आणखी दोन वर्षं विभागप्रमुखपदही देऊ केलं. "विभागाला तुमची सावली हवी, सर!"

"सावलीत ऊस येत न्हाय, अध्यक्ष," सर म्हणाले आणि शाल घेऊन खाली बसले. टाळ्या कुठे वाजवायच्या, ते कुणालाच कळेना.

मॅडम रडवेल्या झाल्या. "सर, मला एकटीला नाही जमायचं."

"म्हणूनच चाललोय."

त्यानंतर सर फिरकलेच नाहीत. राहायला रंकाळ्याजवळ, कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. फोन केला तर "तुमचं तुमी बघा," एवढंच. पहिलं वर्ष मॅडमना फार जड गेलं. वर्गात पोरं गोंधळ घालत, मॅडम दाराकडे बघत राहत. जेठा मोडायच्या नादात म्हाताऱ्याने उसाचं अख्खं बेटच उपटलं, असं मी उघड म्हणत असे.

गेल्या वर्षी पेन्शनच्या कुठल्याशा सहीसाठी त्यांना कॉलेजात यावंच लागलं. ऑफिसातून परत येताना ते प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी थबकले. मी शेजारी होतो. आत मॅडम खणखणीत आवाजात शिकवत होत्या, हातात उलटी धरलेली उसाची कांडी.

"आमचे सर म्हणायचे, ओघळतं. सर चुकत होते! ओघळत असतं तर कांडी उलटी केल्यावर उलटं गेलं असतं. तरीही ते शेंड्याकडून बुडख्याकडेच जातं. का? दारं तिकडं आहेत म्हणून!"

मी सरांकडे बघायचं टाळलं. त्यांनीच माझं कोपर धरलं.

"ऐकलासा मास्तर? चूक काढली माझी. भरल्या वर्गात!" मुलीचं लग्न ठरल्यासारखा चेहरा झाला होता.

"आत चला की. चहा तरी घ्या."

"खुळं का काय? मला बघितलं की गप बसंल ती."

पुढचा व्हरांडा मॅडमच्या दारावरूनच जात होता. सरांनी वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी, चोरासारखे, फाटकापर्यंत गेले.