कोमट पाणी

सावेडीत एकट्या राहणाऱ्या एस्तेरबाईंच्या गळ्यात लेकाने, सॅमने, पुण्याला जाताना आपला टेरिअर कुत्रा, बंडू, घातला. अंघोळ घालताना सॅम त्याला नळाच्या धारेखाली दाबून धरायचा. त्यामुळे नुसती बादली वाजली, तरी बंडू पलंगाखाली शिरे. त्याच्या अंगाला खरूज झाली होती आणि औषधाची अंघोळ तर हवीच होती.

एस्तेरबाई जन्मभर नर्स होत्या. भ्यालेल्या पोराला चुचकारण्यात त्यांचा हातखंडा होता. आधी त्यांनी कोरड्या टबात बिस्किट ठेवलं, मग अंगावर ओला पंचा फिरवला, मग टबात बोटभर कोमट पाणी घातलं. तीन महिन्यांनी बंडू आपण होऊन टबात उभा राहिला.

नाताळच्या आदल्या दिवशी सॅम आला.

"मम्मी, केवढा वास मारतोय हा! उद्या पाहुणे येणार."

"संध्याकाळी मी घालते अंघोळ. तू हात लावू नकोस."

"कुत्र्याचे काय हे लाड! आमच्या नशिबी कधी कोमट पाणी आलं नाही."

बाई चर्च सजवायला गेल्या. परतल्या, तेव्हा मोरीत नळी पडली होती आणि बंडू ओलाचिंब पलंगाखाली थरथरत होता. त्यांनी बिस्किट पुढे केलं. तो त्यांच्यावरच गुरगुरला.

सॅमला झापायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळच्या ड्यूटीला उशीर नको, म्हणून पाच वर्षांच्या सॅमला त्या अशाच गार नळाखाली दाबून धरत असत.